यंदा वळणावर उतरणार नाही

२ मार्च, प्रातःकाळ
संकल्प. महिनाअखेरच्या रविवारी कन्या येते आहे. प्रतिवर्षीप्रमाणे आम्ही दोघे सायकलींवरून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊ. गतवर्षी शेवटच्या वळणावर मला उतरावे लागले. तीही उतरली आणि एक शब्द न बोलता माझ्याबरोबर सायकल ढकलू लागली. करुणा हा थोर गुण आहे. परंतु ती आपण इतरांवर करावयाची असते. यंदा वळणावर उतरणार नाही.

दोष पायांचा नाही, गिअरचा आहे. मागच्या चाकावर दातेरी चकत्यांची जी चवड असते, म्हणजे कॅसेट, तीत आठच चकत्या. त्यांतली मोठीही बेताचीच. अकरा चकत्यांची कॅसेट बसवली की चढ संपला. एकच भाग बदलावयाचा. सकाळचे काम.

५ मार्च
कॅसेट आणली. दुकानदार म्हणाला, होऊन जाईल काका. गोड माणूस.
अपरिग्रहाचे व्रत जुने आहे: नवी वस्तू घरात आली की त्याच प्रकारची जुनी वस्तू सूर्यास्तापूर्वी दान. जुनी कॅसेट मेहुण्यास दिली. त्याच्या गॅलरीत सायकलचा एक सांगाडा पडून आहे. फ्रेम, हँडल, पेडल आणि पुढचे चाक, बस. विचारतो, भाऊजी, बाकीची कधी? विनोद हा त्याच्या बुद्धीचा एकमेव व्यायाम.

५ मार्च, दिवेलागण
कॅसेट चाकावर बसत नाही. दहा चकत्या आत जातात. अकरावी न बोलावलेल्या पाहुण्यासारखी दारात उभी. ठोकून पाहिली. हिने आतून विचारले, की अहो, आज जप हातोडीने चालला आहे का?
जपाची आणखी एक माळ ठोकली. चिकाटी हेही तप आहे.

९ मार्च
नवे चाक. कॅसेट बसली! मी म्हणतच होतो. जुने चाक मेहुण्याकडे. तो जिन्यातच उभा होता.

१० मार्च
चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा हात, म्हणजे डिरेलर, आखूड पडतो. मोठ्या चकतीला घासून दात खातो. मीही खाल्ले. क्रोध आवरला, पाना मात्र खिडकीबाहेर गेला.

१२ मार्च
लांब डिरेलर. दुकानदार: होऊन जाईल काका. जुना मेहुण्याकडे. त्याने हिच्याकरवी निरोप धाडला, की भाऊजींना म्हणावे सीट जपून वापरा.

१३ मार्च
होऊन गेले नाही. हँडलवरच्या, गिअर बदलणाऱ्या जुन्या शिफ्टरला टिचक्या आठ. मागे चकत्या अकरा. वरच्या तीन चकत्यांपर्यंत चेन पोहोचतच नाही, आणि ज्या मोठीसाठी हा सारा यज्ञ मांडला ती त्या तिन्हींतलीच एक. मोक्ष दिसतो, मिळत नाही.

१६ मार्च
फोनवर कन्येने बजावले, की बाबा, शिफ्टर आणि डिरेलर एकाच कंपनीचे घ्या. दुकानात त्या कंपनीचा शिफ्टर नाही, दुसऱ्या कंपनीचा आहे. तोही अकराचाच. आयुष्यभर अद्वैत वाचले. आता दोन कंपन्यांपुढे भेद मानू? नामरूपाचे लेबल सोडले तर तत्त्व एकच.
घेतला. जुना मेहुण्याकडे.

१७ मार्च
भेद आहे.
एक टिचकी मारावी तर चेन कधी एक चकती सरकते, कधी दोन, कधी नुसतीच मध्ये लटकून खडखडते. हिचे मत असे पडले, की दोघांचे अद्वैत व्हायला अजून थोडा अवकाश दिसतो. या घरात ज्ञानमार्गाची टिंगल होते.

२३ मार्च
गावाच्या दुसऱ्या टोकाला योग्य शिफ्टर मिळाला. जोडला. टिचकीस चकती, चकतीस टिचकी. जुनी चेन रुंद असल्याने नव्या चकत्यांमध्ये अडकते, तेवढी बदलली की झाले. चुकीचा शिफ्टरही दिला. मेहुण्याने तो परत पाठवला: हा नको, आमचा पहिलाच उत्तम आहे. 'आमचा'!

२९ मार्च, दुपार
नवी, अरुंद चेन आणली. किती लांब ठेवावी? पूर्वपरंपरा प्रमाण. जुनीशेजारी धरून तेवढीच तोडली. जुनी सूर्यास्ताची वाट न पाहता देऊन टाकली. मन निर्मळ आहे. उद्या टेकडी.

२९ मार्च, सायंकाळ
जुनी चेन छोट्या चकत्यांच्या मापाची होती. मोठ्या चकतीवर नवी पुरत नाही. मी जोर केला. चेन ताणली, डिरेलर उपटल्यासारखा वर गेला, त्याचा आधार कडकन मोडला. दुकानदारास फोन. होऊन जाईल काका. सोमवारी.
मेहुण्याकडे आठांचा सारा संच आहे. मागणार नाही. दिलेले दान परत घेणाऱ्याची गती शास्त्रात फार वाईट सांगितली आहे.

३० मार्च
कन्या आली. तिला सांगितले, की सायकल पूर्ण सिद्ध आहे, केवळ चालत नाही. ती इतकी हसली की पायरीवर बसली. मग स्वतःच्या सायकलीवरही न बसता म्हणाली, चला बाबा, ढकलत जाऊ. शिवाय म्हणाली, की गेल्या वर्षी वळणावर मी मुद्दामच उतरले. दम तर मलाही लागला होता, आणि सायकलवर असलात की तुम्ही फक्त गिअरबद्दल बोलता.
संपूर्ण चढ बोलत गेलो. तिने नोकरी सोडली आहे. आईला अजून सांगितलेले नाही. बरे झाले, चेन नव्हती.
वळणावर मागून ओळखीची टिकटिक आली. माझे चाक, माझी चेन, माझ्या आठ टिचक्या, आणि सीटच्या जागी दोरीने बांधलेली उशी. मेहुणा घंटी वाजवत पुढे गेला. लोण्यासारखी चालते हो भाऊजी, असे ओरडला.
तथापि नोंद करणे कर्तव्य आहे: यंदा वळणावर उतरलो नाही. बसलो नव्हतो, हा तपशील गौण.

३० मार्च, सायंकाळ
कन्येने माझ्यासाठी भेट आणली होती, ती निघताना दिली. नवी, मऊ, रुंद सीट.
सूर्यास्तास अजून थोडा अवकाश आहे. मेहुणा उशी काखेत धरून पायरीवर बसला आहे, आणि पश्चिमेकडे पाहतो आहे.