आईच्या नावाचा थांबा

रविवार, ता. ९

प्रिय ठकू,

आशीर्वाद. तुझं पत्र आणि सोबतची निमंत्रणपत्रिका पोचली. मी बरा आहे. गुडघे त्यांच्या मर्जीनं चालतात आणि मी त्यांच्या. डोळ्यांत घालायचे थेंब संपले होते, ते शेजारच्या नर्सबाईंनी आणून दिले. स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबला, कारण आता पाणीच दिवसाआड येतं. या बाजूची जुनी पाइपलाइन दुरुस्त करायची नाही असं तुमच्या नगररचनेच्या ऑफिसनं ठरवलं आहे म्हणे. सगळे उठून जाणारच आहेत तर खर्च कशाला. बरोबर आहे, माझी तक्रार नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू म्हणतेस, ‘बाबा, मीटिंगमध्ये आहे, रात्री बोलू’, आणि रात्री मी झोपलेला असतो. कागदाला मीटिंग नसते म्हणून कागद घेतला.

पत्रिका छान आहे. जाड कागद, सोनेरी कड. नव्या ट्रामचा नवा थांबा, त्याला तुझ्या आईचं नाव आणि उद्घाटन माझ्या हस्ते. त्याच दिवशी आपल्या वस्तीची बस बंद होणार, हे मात्र पत्रिकेत नाही. ते इकडे थांब्याच्या खांबाला चिकटवलं आहे, पातळ कागदावर.

वस्ती उठवून आम्हाला शहरात आणायचा तुझा आराखडा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला दवाखाना, भाजी, बाग आणि ट्राम चालत जाण्याच्या अंतरावर असावी, यात चुकीचं काय? गुडघ्यांना विचारलंस तर ते केव्हाच तुझ्या पक्षात गेलेत. मला दिलेली जागा मी बघून आलो. दुसरा मजला, लिफ्ट मोठी, संडासात धरायला दांडी, जिन्याच्या प्रत्येक वळणावर बसायला बाक. बाकाची उंचीसुद्धा अशी, की उठताना कुणाचा हात मागावा लागत नाही. हे ज्यानं कुणी ठरवलं त्याला म्हातारी माणसं कळतात. तूच ठरवलं असशील. लहानपणी तू माझ्या चपला काढून नेमक्या उलट्या वळवून ठेवायचीस, बाहेर जाताना पाय सरळ घालता यावेत म्हणून. तेव्हापासून तुझं डोकं असंच चालतं.

तर, मी कार्यक्रमाला यावं, व्यासपीठावर बसावं आणि दोन शब्द बोलावेत असं तू लिहितेस. काय बोलायचं तेही टाइप करून पाठवलंस, मला त्रास नको म्हणून. ‘आम्ही लांबच्या घराचा हट्ट धरला. त्याची किंमत आमच्या घरानं मोजली. ती वेळ तुमच्यावर येऊ नये.’ वाक्यं सुटसुटीत आहेत. मी ती मोठ्यानं वाचून पाहिली. मग कागद घडी करून पाकिटात परत ठेवला.

*

मंगळवार

पत्र परवा इथंच सोडून उठलो होतो. काल दिवसभर ते टेबलावर होतं आणि मी त्याला वळसा घालून हिंडत होतो. आता लिहूनच टाकतो.

माझी नोकरी काय होती ते तुला ठाऊक आहे. दुकानोदुकानी जाऊन वजनकाटे तपासायचे. पारड्याच्या पोटाला चिकटवलेलं शिसं, दांडीला हळूच लावलेली करंगळी, मला सगळं दारातूनच दिसायचं. तुझी आई म्हणायची, तुम्हाला माणसाच्या आधी त्याचं बोट दिसतं. असा मी, आणि माझ्याच घरात, माझ्याच बाहेरच्या खोलीत, साऱ्या वस्तीनं मिळून एक काटा फिरवला आणि मी त्यांना चहा दिला.

चार वर्षांपूर्वी खांबाला पहिली नोटीस लागली. प्रवासी कमी आहेत, गाडी परवडत नाही, वर्षभर मोजणी करू आणि मग निर्णय घेऊ, असा मजकूर. आईनं ती वाचली आणि संध्याकाळी सगळ्यांना बोलावलं. बेकरीवाले, नर्सबाई, कोपऱ्यावरच्या घरातल्या त्या दोघी बहिणी, आणखी असेच सगळे. आई म्हणाली, ‘पास आपल्याला फुकट आहे आणि वेळही फुकटच आहे. बसायचं गाडीत. आळीपाळीनं. काम असो नसो, जायचं आणि यायचं.’

मी म्हटलं, हे खोटं माप झालं.

‘खोटं कसं?’ ती म्हणाली. ‘माणसं खरी आहेत ना? सीटवर खरोखर बसणार आहेत ना? मग मोजू देत की.’

दुसऱ्या दिवशी गाडीत मीही बसलो. बेकरीवाले गाडी सुटताच घोरायचे आणि उतरायचं विसरून जास्तीच्या फेऱ्या घालायचे. त्याचं सगळे कौतुक करायचे. दोघी बहिणी खिडकीवरून भांडायच्या. नर्सबाईंनी एक स्वेटर विणायला घेतला आणि तो घालणारा कुणी नसल्यामुळे तो लांबतच गेला. तुझ्या आईची सक्त ताकीद होती की सगळ्यांनी एकदम शेवटच्या थांब्यावर उतरायचं नाही, अधेमधे उतरायचं, भाजीबाजारात एखादी जुडी हातात घ्यायची, म्हणजे खरं वाटतं. ड्रायव्हरला अर्थातच सगळं कळत होतं. आरशात बघून तो नुसता मिशीत हसायचा. इतकी हसलेली वस्ती मी आधी कधी पाहिली नव्हती.

आणि मग तू आलीस, तो मोठा आलेख गुंडाळून घेऊन. ऑफिसात नवी जागा मिळाली होती तुला, चेहरा नुसता फुलला होता. आपल्या जेवणाच्या टेबलावर तो पसरलास आणि म्हणालीस, ‘बाबा, बघा तरी. या एका वस्तीतली म्हातारी माणसं रोज किती वेळा शहरात येतात. आम्हाला कल्पनाच नव्हती. यांचं सगळं आयुष्य तिकडे आहे आणि आपण यांना या वयात बसमध्ये हाल काढायला लावतोय. यांना तिकडेच आणायला हवं.’

आई चहा ओतत होती. तिनं माझ्याकडे बघितलं. तू गेल्यावर आम्ही इतके हसलो की तिला खाली बसावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाली, ‘घ्या. बस वाचवायला निघालो आणि घर घालवून बसलो.’

मी चप्पल शोधायला लागलो, तुला थांब्यावर गाठून खरं सांगायला. तिनं मला अडवलं. ‘नका सांगू. पहिलंच मोठं काम आहे तिचं. सगळ्यांसमोर तोंडघशी पडेल.’

म्हणून तुझा आलेख खरा ठरला. शहर जवळ आणायचा तुझा सगळा आराखडा ज्या आकड्यांवर उभा आहे, त्यांत बेकरीवाल्यांची झोप आहे, नर्सबाईंचा स्वेटर आहे. हे मी तुला आज सांगतोय. आता थांबा बांधून झाला आहे, त्यामुळे कुणाचं काही बिघडणार नाही.

आता पुढचं.

मोजणी संपली, निकाल लागला, आता फेऱ्या घालून उपयोग नव्हता. सगळे थांबले. आई थांबली नाही. आठवड्यातून दोनदा-तीनदा सकाळच्या गाडीनं जायची आणि त्याच गाडीनं परत यायची. मी विचारलं, आता कशाला? म्हणाली, सवय लागली, घरी बसवत नाही. मला ते पटलं, कारण पटवून घेणं सोपं होतं.

खरं मला ड्रायव्हरनं सांगितलं, ती गेल्यावर. गाडी तुझ्या ऑफिसवरून जाते. सकाळी त्या वेळी तू चहाचा कप घेऊन खिडकीशी येतेस. आई बसमध्ये त्याच बाजूला बसायची आणि तुला बघायची. उतरायची नाही.

का उतरायची नाही, ते तुला आठवतं का? एकदा उतरली होती. तू जिन्यावरून खाली आलीस, हातात फाइल होती. म्हणालीस, ‘अगं आई, कळवून यायचं ना. आत्ता माझी माणसं खोळंबली आहेत.’ तिला बसायला सांगितलं नाहीस. फोनमध्ये बघून परतीची गाडी केव्हा आहे ते मात्र सांगितलंस. ती घरी आली आणि मला म्हणाली, पोरीनं सांगितलं त्याच मिनिटाला गाडी आली. हे तिनं कौतुकानं सांगितलं, ठकू. आयुष्यभर शिसं पकडणाऱ्या मला तिच्या आवाजातलं शिसं कळलं नाही असं तुला वाटतं का?

तर त्या शेवटच्या दिवशीही ती तशीच गेली. शेवटच्या थांब्यावर गाडी वळली, सगळे उतरले, ती बसून राहिली. ड्रायव्हर मागे आला आणि म्हणाला, काकू, आज झोप लागली वाटतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यानं मला हे सांगितलं, टोपी हातात चुरगाळत. ‘काका, ताईंचं ऑफिस आलं तेव्हा जाग्या होत्या. मी आरशात पाहिलं. नेहमीसारखा हात काचेला लावला होता.’ डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं, घरात खुर्चीवर बसल्या असत्या तरी हेच झालं असतं. नर्सबाईही तेच म्हणाल्या, आणि त्या मला बरं वाटावं म्हणून कधी काही बोलत नाहीत.

तू आलीस. तिच्या पासवरची सकाळची नोंद बघितलीस, पिशवीतला भरलेला डबा बघितलास आणि म्हणालीस, ‘आई माझ्याकडे येत होती. मला डबा घेऊन येत होती.’ मी तुझा चेहरा बघितला. तेव्हा ते तुला हवं होतं. लेकीला तेवढं राहू द्यावं असं मला मनापासून वाटलं, अजूनही वाटतं.

पण तू ते तुझ्यापाशी ठेवलं नाहीस. सभेत सांगितलंस, वर्तमानपत्रात सांगितलंस. ‘माझी आई माझ्याकडे यायला निघाली आणि वाटेतच गेली. घर जवळ असतं तर ती आज असती.’ लोक रडले म्हणे. त्या दिवसापासून मी बाजारात गेलो की लोक हळू आवाजात बोलतात. हाच तो, लांबच्या घराचा हट्ट धरणारा. बायकोला बसमध्ये मारणारा, असं कुणी तोंडावर म्हणत नाही, कारण माणसं सभ्य आहेत. दोन वर्षं मी हे ऐकून घेतलं. तू कधी विचारलं नाहीस की बाबा, तुम्हाला याचं काही वाटतं का. मला वाटतं, ठकू. फार वाटतं. आणि आता तेच मी माझ्या तोंडानं, तुझ्या शेजारी उभं राहून, तुझ्या शब्दांत म्हणावं अशी तुझी इच्छा आहे.

ती लांब राहत होती म्हणून गेली नाही. ती तुझ्या दारावरून गेली, तुझ्या खिडकीखालून, इतक्या जवळून की तुझा कप कुठल्या रंगाचा होता ते ती सांगायची. त्यापेक्षा जवळ तुझा कुठला आराखडा आणणार होता?

हे सगळं कडू लिहिलं गेलं. खोडणार नाही.

कार्यक्रमाला मी येईन. गाडीच्या शेवटच्या फेरीनं येईन आणि त्या दिवशी सगळी वस्ती गाडीत असेल, यावेळी मोजायला कुणी नसलं तरी. मागच्या रांगेत बसेन, व्यासपीठावर नाही. तुझे कागद परत पाठवतो आहे. तुला तीच गोष्ट पुन्हा सांगायची असेल तर सांग. मी उठून काही बोलणार नाही, त्याची धास्ती बाळगू नकोस.

नवीन घराचीही काळजी नको, किल्ली घेतली आहे. खिडकी बरोबर त्या थांब्यावर उघडते. तुमच्या ऑफिसातल्या मुलीनं मोठ्या उत्साहानं सांगितलं की प्रत्येक ट्राम आली की थांब्याचं नाव मोठ्यानं पुकारलं जाणार, कमी दिसणाऱ्यांची सोय म्हणून. म्हणजे दिवसभर दर गाडीला तिचं नाव घेतलं जाईल, दारं उघडतील, माणसं उतरतील आणि मी वरून बघत बसेन. पाटीवरचं नाव काढता आलं तर काढ. येणार नाही, हे मला माहीत आहे. पत्रिका छापून झाल्या आहेत.

मग एवढं तरी कर. तो डबा थांब्यावर काचेच्या पेटीत ठेवायचं तुम्ही ठरवलं आहे ना, तो ठेवू नका. तो तुझ्यासाठी नव्हता. तो आपल्या घरचाही नाही. झाकणाच्या आतून बघ, खिळ्यानं कोरलेली फुली आहे, ती ड्रायव्हरच्या बायकोनं डबे बदलू नयेत म्हणून केलेली. बायको गेल्यापासून त्याच्या पोटाची आबाळ होते म्हणून तुझी आई त्याचा रिकामा डबा घरी आणायची आणि सकाळी भरून शेवटच्या थांब्यावर त्याच्या हातात द्यायची. त्या दिवशी तो मागे आला होता तो डबा घ्यायला. तू पेपरात डब्याबद्दल बोललीस तेव्हापासून त्यानं त्याचा विषय काढलेला नाही.

शेवटच्या फेरीला तोच आहे. पुढे त्याला कुठल्या डेपोत टाकतील कोण जाणे. डबा घासून आण आणि तूच त्याच्या हातात दे.

येत्या पंधरा तारखेपासून तुझ्या जवळ राहणारे,

बाबा