पानावरचा गोल काप

तात्या, आज दुपारी इंदापुरातल्या माझ्या रोपवाटिकेत सावलीला पडलो होतो, तर डोळा लागता लागता कन्हेरी गावातलं आपलं दार दिसलं. नव्वदच्या दशकातला कुठलासा उन्हाळा. मोरीच्या पाण्यावर वाढलेला आईचा गुलाब, आणि कपाळाला आठ्या घालून त्याच्याकडे बघणारे तुम्ही. पानं पांढुरक्या ठिपक्यांनी भरलीत, काहींच्या कडेला गोल चावे. "रोग लागलाय. रविवारी उपटून टाकतो," तुम्ही म्हणता. रोज सकाळी बुद्धाच्या मूर्तीपुढं आई ठेवायची ते फूल याच झाडाचं.

मी म्हणालो, हे एक दुखणं नाही, दोन आहेत.

"धावी नापास, आन् झाडाचा डाक्टर झालास व्हय?"

ते लागलं. रद्दीतली शेतीची मासिकं वाचून जे कळलं होतं, त्याच्या जोरावर मी कॅलेंडरचं पान पालथं धरलं आणि त्यावर डहाळी झटकली. धुळीसारखे कण पडले. तुम्ही हसलात. मग ते कण चालायला लागले, आणि तुमचं हसू थांबलं. हे लाल कोळी. पानाच्या पाठीला बसून रस शोषतात, म्हणून वरून ठिपके दिसतात. फार वाढले की बारीक जाळी धरतात. जास्त खराब पानं मी खुडून जाळली आणि उरलेल्यांची पाठ रोज सकाळी पाण्याच्या जोरानं धुतली. पाठच, लोक वरून पाणी मारतात आणि इथंच चुकतात.

रविवारी तुम्ही कुदळ घेऊन आलात. शेंड्याला लालसर पालवी फुटली होती, पण खालच्या पानाला ताजा गोल काप.

"मग ह्ये काय?"

"बसा जरा," मी म्हणालो.

बसलात, कुदळ मांडीवर घेऊन. ऊन पांढरं झालेलं, गावात कुठं आवाज नाही, आपण दोघं झोपेत असल्यासारखे. तेवढ्यात मधमाशीएवढी एक काळसर माशी येते, पानाच्या कडेवर बसते, गोल तुकडा कापते आणि पोटाशी धरून उडते. तुमचा जन्म बारामतीच्या वर्कशॉपात लेथवर गेलेला. तुम्ही ते पान बोटांत धरून बघत राहता.

"काप बघ कसा. कंपास लावल्यागत."

माशी भिंतीला टेकवलेल्या तुमच्या सायकलच्या उघड्या हँडलात शिरली. ती पान खात नाही, मी सांगितलं. पोकळीत पानांची घरं वळते आणि त्यात अंडी घालते. झाडाला त्यानं काही होत नाही, औषध लागत नाही.

तुम्ही कुदळ आत नेऊन ठेवलीत. सोमवारी चालत कामाला निघालात, तेव्हा आईनं विचारलं, "सायकल पंक्चर हाय का?"

"न्हाय. भाड्यानं दिलीय."

पिल्लं उडून जाईपर्यंत तुम्ही चालतच गेलात. माझं बरोबर होतं, असं मात्र कधी म्हणाला नाहीत.

आता पार डाळज गावापासून लोक पिशवीत पानं घेऊन येतात, कुणाकडं शिकलात म्हणून विचारतात. कुणाकडंच नाही, मी सांगतो, आणि ते खरंच आहे. हा कागद कुठं जायचा नाही, म्हणून लिहितो: आपल्या दारात गुलाबाचं झाड एकच होतं, तरी मी साऱ्या किडी शिकून घेतल्या. तुम्ही आणखी एखादं पान माझ्यापुढं धराल, असं वाटायचं.