मूर्तीखालचं नाणं

३ मे
लव्हमोरनं आमच्या फुंगिसाईला नाणं दिलं! बसथांब्यावर, लोकांदेखत. हातात ठेवलं आणि म्हणाला, ‘घे. जा आता आईकडे.’ आमच्यात नवऱ्यानं नाणं दिलं की काडीमोड. आणि नाणं तरी कसलं — चलनातून केव्हाच गेलेलं!
शेजारीण म्हणाली, ‘बापानं नाव ठेवलं लव्हमोर, ह्याला थोडंसुद्धा जमेना!’
लेक हसली नाही. तिनं नाणं माझ्या थोरल्या दिरांना द्यायला काढलं. घरातले वडीलधारे ते; त्यांनी नाणं घेतलं की काडीमोड पक्का, संपलंच. मी तिच्याकडून घेतलं आणि मरियामातेच्या मूर्तीखाली ठेवलं. येईल तो तिला परत न्यायला.
‘आई, मला परत जायचंच नाही,’ म्हणाली.

११ मे
माझ्या मुलाची, तापफुमाची रूवा सात वर्षांची. शेंगा सोलताना विचारते, ‘आंबुया, तेतेचं लग्न संपलं?’
आंबुया म्हणजे आजी, मी; तेते म्हणजे तिची आत्या, आमची फुंगिसाई. मी म्हटलं, ‘देवळातलं लग्न संपत नसतं.’
‘मग ती इथे का राहते?’
कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनिग्ना सांगायच्या — लग्नाची गाठ देवानं मारलेली, तिला टोक नसतं. त्यांचा खळीचा पांढरा झगा, खडूचा वास... किती सोपं वाटायचं तेव्हा! आज मी ते टोक शोधत बसलेय.
म्हटलं, ‘कधीकधी एका घरात राहून माणूस दुखावतं. मग दोन घरं करावी लागतात.’
‘मारायचे का ते?’
शेंगांकडे बघत मी हो म्हटलं.
‘मग तेते ख्रिस्तप्रसादाला का उठत नाही? मारलं तर त्यांनी!’
फादरनी स्वतः सांगितलंय, तू घेऊ शकतेस म्हणून. फुंगिसाई मागच्या बाकावरून हलत नाही. ‘लोक बघतात, आई.’

१२ मे
रूवाचा आज एकच प्रश्न. ‘नुसतं नाणं दिलं की बायकोला जावं लागतं?’ घाईत होते. हो म्हणून गेले.

२१ मे
घरातले सुटे पैसे नाहीसे होतायत. तापफुमा ओरडतोय, ‘बसवाला सुटे मागतो, त्याला काय रताळी देऊ?’

२५ मे
धूळ पुसायला मूर्ती उचलली — खाली काही नाही! फुंगिसाई म्हणते, ‘मी हात लावला नाही.’ खोटं नाही बोलायची ती.

१ जून, रविवार
मिस्सात दानाची टोपली आली तशी रूवानं पिशवीतून बापाचा मोजा काढला आणि उलटा केला. खळ्‌कन नाणीच नाणी! सगळं देऊळ वळून बघायला लागलं.
‘आता बाबांकडे एकपण नाणं नाही,’ ती मोठ्यानं म्हणाली. ‘आईला कुठ्ठे जावं लागणार नाही!’
सूनबाईनं तोंडाला स्कार्फ लावला. तापफुमा खाली बघत राहिला. मीच ‘हो’ म्हटलं होतं ना!
मागच्या बाकावरून फुंगिसाई उठून आली. रूवाला उचललं. ‘वेडाबाई, तुझा बाबा तसला नाही गं. आणि मला हाकललं म्हणून नाही, मला राहायचं नव्हतं म्हणून आले.’ मग मागे गेलीच नाही. आमच्यातच बसली.
ख्रिस्तप्रसादाच्या वेळी रूवाचा हात धरून रांगेत उभी राहिली. लोक बघत होते. बघू देत.

२ जून
फादर आले होते. ‘बाकीची चालली, आंबुया. एवढं एक चालत नाही.’
तेच नाणं.
मूर्तीखाली ठेवलं नाही. रुमालाच्या टोकात बांधलंय. उद्या मीच दिरांकडे नेऊन देते.