मी हितंच हाय

आई, तू मला फसवलंस. एवढं म्हणायला मी साठी ओलांडली, आणि तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली.

बहात्तरचा दुष्काळ. आपल्या पाथर्डीकडच्या गावात विहिरींना खडखडाट, तू आणि बाबा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाणार होतात. मी आठ वर्षांची. तू म्हणालीस, मावशीकडं देवळालीला जाऊ, दोन दिवस राहून येऊ. नवा परकर शिवलास. एसटीत खिडकीशी बसून मी दिसेल त्याला सांगत होते, आम्ही गुऱ्हाळ बघायला चाललोय. मावशीकडं कालव्याचं पाणी, मळ्यात गुऱ्हाळ लागलेलं. दुपारी बांधावरून तू मला कढईकडं ढकललंस. "पळ, गरम गूळ माग. मी हितंच हाय." गुळव्यानं उसाच्या कांडीला गूळ गुंडाळून दिला. मी फुंकर घालत खाते आहे, जीभ पोळते आहे, तरी हसते आहे. वळून बघते तर बांधावर कुणी नाही. "आय गेली तुजी," मावशी म्हणाली, "दिवाळीला यील." दोन दिवाळ्या गेल्या.

पुढं कधीतरी मी विचारलं, तेव्हा तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "सांगितलं आस्तं तर तू रडली आस्तीस. मंग माजा पाय निघाला नस्ता." लेकरांना असंच चुकवून जायची आपल्याकडं रीत, ठाऊक आहे मला. पण रडू द्यायचं होतंस गं. रडणं तिथंच संपलं असतं. आता जरा कुठं आनंद झाला की माझं लक्ष आधी दाराकडं जातं. लेकीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती आणि मी बाहेरच्या ढिगात माझ्या नवऱ्याच्या चपला आहेत ना, ते बघत होते. भला माणूस, चाळीस वर्षांत न सांगता कोपऱ्यापर्यंतसुद्धा गेला नाही. तरी त्याच्या घरात मी एकदाही निर्धास्त हसले नाही. याचा राग मला तुझाच येतो, आई. अजून येतो.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक लिहून ठेवते. मी वळले तेव्हा बांध मोकळा नव्हता. तुझं हिरवं लुगडं उसाच्या कडेनं झपाझप जाताना मला दिसलं होतं. काखेत तुझंच बोचकं होतं, माझं नव्हतं. हाक पोचली असती. पण गूळ फार गोड होता, आणि हाक मारली असती तर तू मला परत नेलं असतंस.