प्रत्येक शिंपल्याची वेगळी नळी

७ मे, लातूर
उष्णतेत शिंपल्यांच्या पेशी एक सावरणारं प्रथिन वाढवतात. सोबत पाण्यातला प्राणवायूही घटवला तर ते वाढत नाही. दुजोरा : नांदेडच्या मार्गदर्शक बाई, दुपारी फोनवर. आमच्या शिवानीचा पीएच.डी.चा पहिला निकाल. रविवारच्या पानासाठी लिहायला घेतलं. बापाने मुलीची बातमी करू नये, कळतं. तरी.

१० मे, उदगीर
शिवानीला घेऊन थोरल्या भावाच्या, अण्णांच्या, धान्याच्या आडतीवर. अण्णा तिला, "आपल्या घरात अंडं शिजत न्हाई, आन् तू दिवसभर शिंपले कापून राहिलीस. मठात कळलं तर?"
"खात न्हाई म्हणावं काका, तपासते."
मग तिने सांगितलं : टाक्या चार. साधी, गरम, कमी प्राणवायूची, आणि दोन्ही त्रास एकत्र. एका टाकीतल्या सगळ्या शिंपल्यांचे तुकडे एकत्र वाटून एक नमुना.
अण्णा खूश. "म्हंजी आपल्यावानीच. दर पोत्यातून मूठमूठ, झाला नमुना."
 परतताना गाडीत शिवानी म्हणाली, "पप्पा, पोती एका भावात जातात, म्हणून तिथं चालतं. माझ्या टाकीत दोनच शिंपले अर्धमेले असतील तरी सगळ्या टाकीचा आकडा पडेल. मला कळणारच नाही."
तिच्या लहानपणच्या सुट्ट्या आडतीवर गेल्या. प्रयोगशाळेतही हात आपसूक तसाच चालला.

११ मे, लातूर
सकाळी तिनेच बाईंना फोन केला. "मॅडम, चूक माझी आहे. फ्रीजरमध्ये प्रत्येकाचा तुकडा अजून वेगळा ठेवलेला आहे. पुन्हा करते, एकेक." बाईंनी विचारलं, निकाल टिकला नाही तर वर्ष गेलं, ठाऊक आहे ना? ही म्हणाली, "हाव."
बातमी मागे घेतली. संपादक : "बाईंचा दुजोरा आहे की." म्हटलं, आता पोरीचाच नाही. नोकरीत खुलासे पुष्कळ लिहिले, सगळे छापून झाल्यावरचे. छापण्याआधी, कोणी विचारलं नसताना, स्वतःची बातमी थांबवणारं माणूस पहिल्यांदा पाहिलं. माझ्याच घरात. निकालापेक्षा याचंच...

२३ मे, नांदेड
डबा घेऊन प्रयोगशाळेत. बाहेर अंगाची लाही, आत स्वेटर घातलेली शिवानी. रांगेत नळ्या, प्रत्येकीवर फक्त क्रमांक. कुठला क्रमांक कुठल्या टाकीतला, ती यादी तिने आधीच बंद पाकिटात बाईंकडे दिली. आपलीच नजर आपल्याला फसवू नये म्हणून. आकडे हाती आलेत. काही फार कमी, काही भरपूर, बरेच मधले. दोन्ही त्रासांच्या टाकीतले जवळपास सगळेच कमी निघाले तर निकाल टिकला, दोनच निघाले तर गेला.
"काय वाटतं?"
"वाटण्यावर न्हाई ना पप्पा. जेवा तुम्ही."
बाई जिन्यात भेटल्या. एवढंच म्हणाल्या, "मला तिनं सांगेपर्यंत दिसलं नव्हतं."
संध्याकाळच्या गाडीने निघणार होतो, मुक्काम वाढवला. उद्या अकराला बाई पाकीट फोडतील.