मीठ बघायचं काम माझं

कोल्हापूर, मंगळवार

ती. अक्कास, शिवलीलाचा वाकून नमस्कार.

भावजींचा गुडघा आणि तुझी शुगर आजऱ्यात आपापल्या जागी असतील, असं धरून चालते. फोन सोडून पत्र लिहितेय, कारण माझा आवाज ऐकला की तू रडतीस आणि मला बोलायला जागाच ऱ्हात न्हाय. आता कागदापुढं बस रडत.

तर, कॅन्सरची गाठ काढून, केमोचे सहा डोस झेलून मी परत मसाल्याच्या कारखान्यात जायला लागले. दुखण्याआधी बावीस वर्षं तिथल्या मसाल्याचा एकबी घाणा माझ्या जिभेवरनं गेल्याबिगर पाकिटात गेला नव्हता. आणि पहिल्याच दिवशी मालक विजयसिंहांनी फॅनखाली उशीची खुर्ची ठेवली. म्हणले, मावशी, तुम्ही फक्त बसायचं. आगं, बसवायला मी काय गणपती हाय? (बसवलेल्याला शेवटी बुडवतात, हे मला ठाऊक हाय.) कारखान्याच्या नळावर वीस वर्षं माझ्याशी भांडलेली, माझ्या जोडीची चिमणाबाई आता माझी बाटली आधी भरून देते. एवढा अपमान कॅन्सरनंबी केला नव्हता!

खुर्ची उचलली, गोडाऊनात टाकली आणि सांगितलं, मीठ मीच बघणार. चाखलं. कमी वाटलं. चिमणाबाईनं आणखी घातलं. तरी कमी. परत घातलं. मग तिला चाखायला दिलं, तर डोळ्यांत पाणी आणून "झकास" म्हणाली. (मला वाटलं, मी परत आले म्हणून भरून आलंय.) विजयसिंहांनी चाखलं, दोन तांबे पाणी प्याले आणि "एक नंबर" म्हणले. साठ किलो मसाला गेला की बाजारात!

तिसऱ्या दिवशी कळंब्याच्या खानावळवाल्या सलिमाभाभी पाकीट नाचवत आल्या. "माझी गिऱ्हाईकं रस्सा सोडून नुसतं पाणी पिऊन उठली, जिभेला लकवा मारलाय काय तुमच्या?" म्हणून माझ्यावर बरसल्या. विजयसिंह मागनं खुणा करायला लागले, तर भाभी म्हणतात, "कॅन्सरचं ठाऊक हाय मला. म्हणून खारट खाऊ व्हय?" अक्का, सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी माणसासारखं भांडलं. मी गळ्यातच पडले त्यांच्या.

मग बाकीच्यांकडं वळले. गाठ काढलीया माझी, अक्कल न्हाय. चुकले तर तोंडावर सांगायचं, आणि ज्याला दया आलीया त्यानं गोडाऊनातल्या खुर्चीत जाऊन बसायचं. विजयसिंह म्हणले, ठीक हाय, पुढच्या सोमवारचा घाणा चुकला तर जीभ बंद, पॅकिंगला बसायचं. चालतंय की, म्हटलं. कसं कामावर आल्यासारखं वाटलं!

एकूण झकास चाललंय. कुणाची मदत नको.

तुझी,
शिवलीला

ता. क. : रविवारीच निघून ये. केमोपासनं मला मीठ, साखर, माती सगळं सारखंच लागतंय. कारखान्यात कुणाला बोलले न्हाय. सोमवारी तू पाहुणी म्हणून कारखान्यात ये आणि घाण्यातलं चिमूटभर चाख. कमी असलं तर डावा कान खाजव, जास्त असलं तर उजवा. रडू मात्र नको.

आणखी एक : पाकीट बंद करायला डिंक चाटला. अक्का, कडू लागला! कडूजहर! खात्री करायला तीनदा चाटला. मीठ अजून लागत न्हाय, पण कडू आलंय म्हणजे बाकीचं वाटेत असणार. तू ये मात्र नक्की. पाकीट आता काय केल्या चिकटत न्हाय, सुतळी बांधून पाठवतेय.