बाबांच्या भाल्याचं पातं

पीटरमॅरिट्झबर्ग,
११ ऑगस्ट १९९८

प्रिय भेकुमुझीदादा,

आम्ही इकडे जिवंत आहोत, तुमच्याकडचं कळव. थंडी ओसरतेय. माझ्या थांदीचा खोकला गेला. तुझ्या लाल गाईचं वासरू आता चालायला लागलं का?

माखोझावहिनी तान्ह्याला घेऊन अजून माहेरीच आहेत, असं आत्याकडून कळलं. त्याबद्दलच लिहायचंय, आणि वासराच्या चौकशा करत बसलोय.

बाबांच्या आत्म्याला घरी आणायच्या विधीला मी तुझ्या मागेच उभा होतो. बैल हंबरला की पूर्वजांनी स्वीकारला, पण तू भाला खुपसलास आणि तो हंबरलाच नाही. मुकाट गुडघ्यांवर बसला. धाकट्या काकांनी तोंड सोडलं, "हंबरेल कसा? सुनेनं तोंड फुगवून बिअर गाळली. पूर्वजांना काय कळत नाही?" वहिनी म्हणाल्या, "तीन दिवस चुलीपुढून हलले नाही, काका. तोंड धुवायला फुरसत नव्हती, फुगवू कधी?" कोणी हसलं नाही. तू मान खाली घातलीस. मी मूग गिळून उभा राहिलो.

दादा, ते पातं बाबांचं नव्हतं.

जानेवारीत झोपडी शाकारताना तू भाला माझ्या हातात दिलास. "तुझं कामच भाल्यांचं. गंज काढून आण," म्हणालास. गावोगावचे भाले ओळखून संग्रहालयासाठी गोळा करायचे, यावरच माझं पोट. पातं बघताच कळलं: मधे उठलेला कणा, हातोडीचे घाव, दांड्यात खोल गेलेलं शेपूट. डोंगरापलीकडच्या जुन्या लोहारांचं काम. तसं एकही आमच्याकडे नव्हतं, आणि साहेब दोन वर्षं मागे लागले होते. मला शाबासकी हवी होती. म्हणून बाबांचं पातं मी संग्रहालयात दिलं आणि पूर्वी दुकानात मिळायचं तसलं, कारखान्यातलं गुळगुळीत पातं बाबांच्या दांड्यात बसवलं, चरबी चोळून धुरावर धरलं. दांडा तुझ्या हाताच्या ओळखीचा, तू पात्याकडे बघितलंही नाहीस. खरं-खोटं पारखायचा पगार खातो मी, आणि सख्ख्या भावाला फसवलं. शेण खाल्लं.

बैल त्यामुळेच गप्प राहिला का, ते पूर्वजांना ठाऊक. वहिनींचा दोष नाही, हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. त्या गाठोडं घेऊन फाटकाबाहेर पडल्या, तेव्हा मी त्यांनीच गाळलेली बिअर पीत होतो. लाजेनं मला आता बायकोशी, थांदीशीही नीट बोलवत नाही.

हे पत्र काकांसमोर मोठ्यानं वाच, काही गाळू नकोस. मग वहिनींच्या माहेरी माफीची शेळी घेऊन जा. माझ्या शेळ्या तुझ्याकडेच आहेत, त्यांतली सगळ्यांत चांगली ने. साहेबांना मी काल सगळं सांगितलं. पातं परत मिळतंय, नोकरी राहील असं वाटत नाही. शुक्रवारी येतो. अंगणात घ्यायचं नसेल तर फाटकावरच पातं घे, मी परत फिरेन.

एक उरलं, ते लिहायला हात धजत नाही. संग्रहालयात पात्याखाली माझ्या अक्षरातलं कार्ड होतं. 'मालक' या शब्दापुढे मी 'अज्ञात' लिहिलं होतं. सहा महिने रोज त्याच्यासमोरून जात होतो, दादा, आणि बाबांचं नाव लिहिलं नाही.

मला भाऊ म्हणायचं की नाही, हे तू ठरवेपर्यंत नुसताच,

वुसी